आरएफके स्टेडियमची जमीन वॉशिंग्टन शहराला मिळाली म्हणजे नेमकं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉशिंग्टनमध्ये मेट्रोने पूर्वेकडे जाताना स्टेडियम–आर्मरी नावाचं स्टेशन लागतं. स्टेडियम बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी स्टेशनचं नाव तेच आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिथून नेलं की हमखास विचारलं जातं, "एवढी मोकळी जागा शहराच्या मधोमध पडून कशी?" आणि "जागा शहराला मिळाली असं वाचलं होतं, मग आधी कुणाची होती?" घरच्या गप्पांत, फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही लांबली आहेत, कारण गोष्ट तशीच आहे.

आधी थोडक्यात सांगा, झालं काय?

वॉशिंग्टन शहराच्या पूर्व टोकाला, ॲनाकोस्टिया नदीच्या काठी, जुन्या रॉबर्ट एफ. केनेडी स्टेडियमच्या भोवती सुमारे १७४ एकर जागा आहे. दादरच्या शिवाजी पार्कसारखी सहा मैदानं त्यात मावतील. ही जमीन अमेरिकेच्या फेडरल सरकारची, म्हणजे आपल्या भाषेत केंद्राची. ६ जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी सही केलेल्या कायद्याने तिचा कारभार किमान ९९ वर्षांसाठी शहराकडे सोपवायचं ठरलं. त्यासाठी फेडरल खात्याला १८० दिवसांची मुदत दिली होती. शहराला तिथे नवं फुटबॉल स्टेडियम, घरं, दुकानं आणि उद्यानं हवी आहेत. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल.

म्हणजे जमीन आता शहराच्या मालकीची झाली ना?

नाही. सगळा घोटाळा इथेच होतो, आणि वर्तमानपत्रांचे मथळे तो वाढवतात.

कायद्याने शहराला दिला आहे तो 'प्रशासकीय ताबा'. मालकी हक्क अमेरिकेच्या सरकारकडेच राहिला. सातबाऱ्याच्या भाषेत सांगितलं तर महाराष्ट्रातल्या वाचकाला लगेच कळेल: ही जमीन भोगवटादार वर्ग २ सारखी आहे. जमीन तुमच्याकडे, वापर तुमचा, त्यावर बांधा, उत्पन्न घ्या; पण सरकारने घातलेल्या शर्ती तिला चिकटलेल्या असतात आणि शर्तभंग झाला तर सरकार जमीन परत घेऊ शकतं. आरएफकेच्या कायद्यात तशीच तरतूद आहे. शहराने अटी मोडल्या, नोटीस मिळाल्यावरही दुरुस्ती केली नाही, तर ताबा फेडरल सरकारकडे परत जातो. आपल्याकडची तुलना शंभर टक्के जुळत नाही, पण 'मिळाली' या एका शब्दाने होणारा गैरसमज दूर करायला ती पुरेशी आहे.

भाडेपट्टा आणि हा ताबा यांतही फरक आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो. प्रशासकीय ताबा मिळालेलं शहर त्या जागेवर स्वतःचे कायदे, स्वतःचं नियोजन, स्वतःचे परवाने चालवतं. फक्त कायद्याने आखलेल्या कुंपणाच्या आत.

शहराच्या ऐन आतली जमीन केंद्राकडे गेली कशी?

उलट विचारायला हवं: शहराकडे कधी होती? वॉशिंग्टन हे शहर वसलंच मुळात फेडरल सरकारसाठी. राज्यघटनेच्या पहिल्या कलमाने राजधानीच्या प्रदेशावर पूर्ण कायदेशीर सत्ता संसदेला, म्हणजे काँग्रेसला दिली आहे. पिएर लाँफाँ या फ्रेंच आराखडाकाराने शहराची रचना केली तेव्हापासूनच चौक, उद्यानं, सरकारी इमारतींच्या जागा 'राखीव' म्हणून केंद्राकडे राहिल्या. आजही ड्यूपाँ सर्कल किंवा लिंकन पार्क यांसारख्या भर वस्तीतल्या बागा महापालिकेकडे नाहीत, नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत. जी संस्था ग्रँड कॅनियन सांभाळते, तीच वॉशिंग्टनच्या गल्लीतली बाकडीही सांभाळते. हे ऐकून पाहुणे हसतात, पण बाकडं मोडलं की हसू येत नाही.

ॲनाकोस्टियाच्या काठची जमीन तर माणसाने तयार केलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लष्कराच्या अभियंत्यांनी नदीचा गाळ उपसून काठच्या दलदलीवर भराव टाकला आणि त्याचं ॲनाकोस्टिया पार्क झालं. मुंबईकरांना भरावाच्या जमिनीचं वेगळं काही सांगायला नको.

दिल्लीशी तुलना केली तर चुकत नाही. दिल्लीला निवडून आलेली विधानसभा आहे, पण पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन हे विषय तिच्या कक्षेबाहेर आहेत. वॉशिंग्टनला निवडून आलेले महापौर आणि नगरमंडळ मिळालं ते १९७३ च्या स्वयंशासन कायद्यानंतर. तोवर शहर बहुतांशी वरूनच चालायचं.

मग केंद्राच्या बागेत स्टेडियम कुठून आलं?

काँग्रेसने १९५७ मध्ये त्यासाठी खास कायदा केला. १९६१ मध्ये स्टेडियम खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया स्टेडियम होतं. रॉबर्ट केनेडी यांची १९६८ मध्ये हत्या झाली आणि जानेवारी १९६९ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. पुढे १९८६ च्या दुरुस्तीने इमारत शहराकडे आली, जमीन मात्र केंद्राकडेच राहिली. १९८८ पासून ५० वर्षांचा भाडेपट्टा झाला, तो २०३८ पर्यंतचा.

घर तुमचं, जमीन मालकाची. जुन्या चाळीत वाढलेल्यांना हे नातं चांगलं ओळखीचं आहे.

जमिनीचा मालक कोण, याने प्रत्यक्षात काय फरक पडतो?

या एका प्रश्नासाठी सगळं पान लिहायलाही माझी हरकत नाही, कारण याचं उत्तर याच मैदानावर १९६१–६२ मध्ये मिळालं होतं.

तेव्हाच्या वॉशिंग्टन संघाचे मालक होते जॉर्ज प्रेस्टन मार्शल. त्या काळी व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या बाकी सगळ्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू होते, फक्त यांच्या संघात नव्हते, आणि ते घ्यायला मार्शल तयार नव्हते. नव्या स्टेडियमसाठी त्यांनी लांब मुदतीचा करार केला होता. जॉन केनेडींच्या सरकारात अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री होते स्ट्युअर्ट युडल. (खात्याचं नाव ऐकून गृहखातं वाटतं; प्रत्यक्षात हे खातं सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं, आदिवासींचे विषय पाहतं.) युडल यांच्या लक्षात आलं की स्टेडियम त्यांच्या खात्याच्या जमिनीवर उभं आहे, म्हणजे मार्शल यांचे जमीनदार एका अर्थी आपणच. त्यांनी १९६१ च्या वसंतात स्पष्ट कळवलं की फेडरल जमिनीवर नोकरभरतीत भेदभाव चालणार नाही, आणि तो थांबला नाही तर हे मैदान वापरता येणार नाही.

मार्शल चिडले, जाहीर थट्टाही केली. अमेरिकन नाझी पक्षाचे लोक संघ 'गोराच ठेवा' अशा पाट्या घेऊन उभे राहिले. १९६१ च्या हंगामात संघाने १४ पैकी एकच सामना जिंकला. शेवटी मार्शल नमले. खेळाडूंच्या निवडीत त्यांनी अर्नी डेव्हिस या कृष्णवर्णीय खेळाडूला घेतलं, त्याच्या बदल्यात क्लीव्हलँडकडून बॉबी मिचेल हा दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू आला, आणि १९६२ मध्ये संघ बदलला. लीगमधला तो शेवटचा संघ.

युडल यांच्याकडे संघाबद्दलचा कुठलाही कायदा नव्हता. हातात होता तो जमिनीचा उतारा. आज कुणी "९९ वर्षं म्हणजे मालकीच की" असं म्हणालं की मला मार्शल आठवतात. हीच दोरी कुणी चांगल्या कामासाठी ओढेल, कुणी वाईट. दोरी कुणाच्या हातात आहे ते मात्र पाहून ठेवलेलं बरं.

भाडेपट्टा २०३८ पर्यंत होता, मग कायद्याची गरज काय होती?

दोन कारणं. एक म्हणजे त्या पट्ट्यात जागेचा वापर ठरवून दिला होता: स्टेडियम, खेळ, करमणूक. घरं, दुकानं, कार्यालयं त्यात बसत नव्हती. दुसरं म्हणजे मुदत. तेरा-चौदा वर्षं उरलेल्या पट्ट्यावर अब्जावधी डॉलरचं बांधकाम कोण करेल आणि कोणती बँक त्याला कर्ज देईल? आपल्याकडे पट्टा संपत आलेल्या इमारतीचा पुनर्विकास कसा अडकतो ते पाहिलं असेल, तर वेगळं सांगायला नको.

दरम्यान मैदान ओस पडलं होतं. फुटबॉल संघ १९९६ च्या हंगामानंतर शेजारच्या मेरीलँडमध्ये लँडोव्हरला गेला. बेसबॉलचा नवा संघ २००५ ते २००७ इथे खेळला आणि स्वतःच्या मैदानात गेला. सॉकरचा डीसी युनायटेड २०१७ नंतर गेला. मग उरलं गंजलेलं स्टेडियम आणि चहूबाजूंनी डांबरी वाहनतळ. २०१९ मध्ये काही भागात खेळाची हिरवी मैदानं झाली, ती लोकांना फार आवडली. बाकी डांबरच. २०२५ च्या सुरुवातीला पाडकाम सुरू झालं.

एका शहराच्या जमिनीसाठी सगळ्या देशाच्या संसदेत मतदान?

हो. फेडरल मालमत्तेची विल्हेवाट लावायचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिला आहे. आणि इथली गंमत, किंवा विटंबना, अशी की सुमारे सात लाख लोकवस्तीच्या या शहराला त्या काँग्रेसमध्ये मत नाही. प्रतिनिधी सभागृहात शहराची एक प्रतिनिधी बसते, बोलते, समितीत मत देते, पण विधेयकाच्या अंतिम मतदानात तिला मत नसतं. शहराच्या या प्रतिनिधी एलिनॉर होम्स नॉर्टन वर्षानुवर्षं या जागेसाठी विधेयकं मांडत होत्या. जे मंजूर झालं त्याचे मुख्य प्रस्तावक होते केंटकीचे रिपब्लिकन सदस्य जेम्स कोमर, कारण शहराचा कारभार पाहणारी समिती त्यांच्याकडे होती. महापौर म्युरिएल बाउझर डेमोक्रॅट. दोघांची राजकीय पत्रिका जुळत नाही, तरी या एका कामात जुळली.

सभागृहात २८ फेब्रुवारी २०२४ ला ३४८ विरुद्ध ५५ मतांनी विधेयक पास झालं. एवढं दणदणीत मताधिक्य, म्हणजे सिनेटमध्ये सहज होईल असं वाटलं. झालं नाही. संघ ज्या राज्यातून निघून जाणार त्या मेरीलँडच्या सिनेटरांना हरकत होती. मोंटानाचे स्टीव्ह डेन्स यांनी वेगळ्याच कारणासाठी विधेयक अडवलं: संघाचं जुनं नाव 'रेडस्किन्स' २०२० मध्ये गेलं, त्याबरोबर गेलेलं बोधचिन्ह ब्लॅकफीट जमातीच्या एका प्रमुखाच्या चेहऱ्यावरून घेतलेलं होतं, आणि त्या वारशाचा मान राखला जावा अशी त्यांची मागणी होती. वॉशिंग्टनच्या लोकांच्या जमिनीचा प्रश्न तीन हजार किलोमीटर दूरच्या मोंटानात अडकला. नोव्हेंबरमध्ये ती गाठ सुटली.

डिसेंबरात ही तरतूद सरकारी खर्चाच्या मोठ्या विधेयकात घातली गेली. तेव्हा एलॉन मस्क यांनी त्या विधेयकात स्टेडियमसाठी ३ अब्ज डॉलर आहेत असा चुकीचा दावा पसरवला. खरं तर त्यात स्टेडियमसाठी एक डॉलरही नव्हता. खर्चाचं विधेयक कोसळलं, त्यातून ही तरतूदही गळाली. सगळं संपलं असं सगळे म्हणत असताना २१ डिसेंबरच्या पहाटे सिनेटने ते स्वतंत्रपणे, एकमताने मंजूर केलं. बहुतेक शहर तेव्हा झोपलेलं होतं.

अटी कोणकोणत्या आहेत?

मुख्य तेवढ्या सांगते. वापर ठरलेला आहे: स्टेडियम, घरं व व्यापारी बांधकाम, खेळाच्या सोयी, मोकळ्या जागा. नदीकाठची पट्टी वगळून उरलेल्या जागेचा किमान ३० टक्के भाग उद्यानं आणि मोकळ्या जागांसाठी राखायचा. नदीकाठची पट्टी जवळजवळ आहे तशीच ठेवायची, तिच्यावर इमारती नाहीत. लोकांना नदीपर्यंत जाता आलं पाहिजे, काठाची चालण्याची आणि सायकलची वाट अडवायची नाही. आणि फेडरल सरकारचा पैसा स्टेडियमसाठी वापरायचा नाही.

३० टक्क्यांची अट मला सगळ्यांत भक्कम वाटते. मोकळ्या जागेचं आश्वासन आराखड्यात असलं की दर फेरीत थोडं थोडं आकसतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. इथे ते कायद्यात आहे.

एवढी जमीन फुकट? हे केंद्राला परवडतं?

मालकीच दिली नाही, तर किंमत कसली? नॉर्टन यांनी आधी मांडलेल्या एका विधेयकात बाजारभावाने विक्रीची कल्पना होती. तसं झालं असतं तर शहराला पूर्ण मालकी मिळाली असती, पण नदीकाठच्या १७४ एकरांचा बाजारभाव शहराच्या तिजोरीला झेपला नसता. म्हणून मधला रस्ता निघाला: पैसे नाहीत, मालकीही नाही. केंद्राच्या बाजूनेही तोटा नाही. पार्क सर्व्हिसच्या अंगावरची एक मोडकळीस आलेली जबाबदारी गेली, आणि उतारा स्वतःच्या नावावर राहिला. हिशेब त्यांचा चोख आहे, एवढंच म्हणेन.

न्यूयॉर्कला एक डॉलरला बेट मिळालं होतं, ते खरं का?

खरं. मॅनहॅटनच्या दक्षिणेला असलेलं गव्हर्नर्स आयलंड. तटरक्षक दल १९९६ मध्ये तिथून निघालं. २००३ मध्ये १७२ पैकी सुमारे १५० एकर जागा न्यूयॉर्कला एका डॉलरला दिली, उरलेल्या २२ एकरांतल्या जुन्या किल्ल्यांचं राष्ट्रीय स्मारक केंद्राने स्वतःकडे ठेवलं. तिथे मालकी खरोखर हस्तांतरित झाली, पण खरेदीखतात अटी होत्याच: कायमची वस्ती नाही, जुगारघर नाही. आज लोक फेरीने तिथे सायकल चालवायला जातात.

नेमकं उलटं उदाहरण लास व्हेगासचं. नेव्हाडा राज्याची सुमारे ८० टक्के जमीन फेडरल आहे, शहर वाढायला जागा हवी. १९९८ च्या कायद्याने व्हेगासभोवतालचे तुकडे लिलावाने विकायला परवानगी दिली. कोणते तुकडे काढायचे ते केंद्राचं जमीन खातं आणि स्थानिक सरकार मिळून ठरवतात. आलेल्या पैशांतले ५ टक्के राज्याच्या शिक्षणाला, १० टक्के दक्षिण नेव्हाडाच्या पाणी प्राधिकरणाला आणि ८५ टक्के एका खास खात्यात जातात, ज्यातून नेव्हाडातली उद्यानं, पर्यावरणाची कामं वगैरे होतात.

प्रत्येक शहराला काँग्रेसकडेच जावं लागतं का?

नाही, नेहमीची वाट वेगळी आहे. एखादी इमारत किंवा जागा एका खात्याला नको झाली की आधी दुसऱ्या फेडरल खात्यांना विचारतात. कुणालाच नको असेल तर ती 'अतिरिक्त' ठरते. मग १९८७ च्या कायद्यानुसार बेघरांच्या सोयीसाठी ती वापरता येईल का ते पाहतात. त्यानंतर राज्य सरकारं आणि शहरं पुढे येऊ शकतात. शाळा, बाग, रुग्णालय अशा सार्वजनिक कामासाठी असेल तर किमतीत सूट मिळते, कधी पूर्ण शंभर टक्के. शेवटी उरलं तर लिलाव. हे सगळं जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन नावाची संस्था पाहते. पश्चिमेकडच्या मोकळ्या सरकारी जमिनींसाठी १९२६ पासूनचा वेगळा कायदा आहे. गावाला अग्निशमन केंद्र, शाळा, मैदान हवं असेल तर स्वस्तात जमीन मिळते, आणि वापर बदलला तर परत जाते.

आरएफकेची जागा या वाटेने आली नाही, कारण ती नको झालेली जागा नव्हती. ती राष्ट्रीय उद्यान व्यवस्थेचा भाग होती.

कायदा झाला म्हणजे काम झालं?

याच नदीच्या पलीकडच्या काठावर पॉपलर पॉइंट नावाची सुमारे ११० एकर जागा आहे. डिसेंबर २००६ मध्ये काँग्रेसने ती शहराला द्यायचा कायदा केला. त्यात आधी पूर्ण करायच्या अटी होत्या: जमीन वापराचा आराखडा, पार्क सर्व्हिसच्या तिथल्या सोयी दुसरीकडे हलवणं, पर्यावरणाची कामं. जवळजवळ दोन दशकं उलटली, कितीतरी आराखडे कागदावर आले, जागा पार्क सर्व्हिसकडेच राहिली.

आरएफकेच्या कायद्यात म्हणूनच १८० दिवसांची मुदत घातलेली दिसते. अनुभवातून आलेलं शहाणपण म्हणायचं.

स्टेडियमचा खर्च कोण करणार?

२८ एप्रिल २०२५ ला महापौर बाउझर आणि कमांडर्स (रेडस्किन्सचं नवं नाव) संघाचे मालक जॉश हॅरिस यांनी करार जाहीर केला. (हॅरिस यांच्या गटाने २०२३ मध्ये हा संघ ६.०५ अब्ज डॉलरला विकत घेतला होता.) संघ किमान २.७ अब्ज डॉलर घालणार, शहर सुमारे १.१ अब्ज. स्टेडियम सुमारे ६५,००० प्रेक्षकांचं, २०३० मध्ये खुलं करायचा बेत. शिवाय पाच-सहा हजार घरं, त्यातली ३० टक्के परवडणारी.

नगरमंडळाने उन्हाळाभर घासाघीस केली. १ ऑगस्टला पहिलं मतदान ९ विरुद्ध ३, आणि १७ सप्टेंबरला अंतिम मतदान ११ विरुद्ध २.

माझं मत विचाराल तर, जमिनीचा कायदा आणि स्टेडियमचा करार या दोन गोष्टी वेगळ्या धरा. शहराला कारभार मिळावा, असं म्हणणाऱ्या कितीतरी लोकांना शहराने फुटबॉल संघाला पैसे द्यावेत हे मान्य नव्हतं. वादात दोन्हींची सरमिसळ होते, आणि मग स्टेडियमवरची टीका म्हणजे स्वशासनाला विरोध असं भासवलं जातं. विरोधी मत देणाऱ्यांना ते जड गेलं.

राष्ट्राध्यक्ष हे थांबवू शकतात का?

जुलै २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की संघाने जुनं नाव परत घेतलं नाही तर ते स्टेडियमच्या व्यवहारावर बंधनं आणतील. कायदा मंजूर झालेला आहे, एका वाक्याने तो रद्द होत नाही. पण वॉशिंग्टनमध्ये हात घालायला फटी भरपूर. राजधानीतल्या बांधकामांवर मत देणारा नॅशनल कॅपिटल प्लॅनिंग कमिशन नावाचा आयोग आहे. त्याचे १२ सदस्य, त्यातले तिघे राष्ट्राध्यक्ष नेमतात, दोघे महापौर नेमतात, उरलेल्यांत केंद्राची खाती आणि काँग्रेसच्या समित्यांचे लोक, शिवाय महापौर व नगरमंडळाचे अध्यक्ष. शहराची बाजू मोजून पाहा.

आणि काँग्रेस स्वतः कधीही नवा कायदा करू शकते. मार्च २०२५ मध्ये खर्चाच्या एका विधेयकात शहराबद्दलचं नेहमीचं एक वाक्य गळलं, आणि शहराच्या स्वतःच्या करांतून उभ्या राहिलेल्या अंदाजपत्रकाला एकदम सुमारे एक अब्ज डॉलरची कात्री लागायची वेळ आली. पैसे शहराचेच होते. खर्च करायला परवानगी दुसऱ्याची लागत होती.

शेजारच्या वस्तीचं काय म्हणणं?

स्टेडियमला लागून किंगमन पार्क ही जुनी, कृष्णवर्णीय कुटुंबांनी घडवलेली वस्ती आहे. लोकांची भीती साधी आहे: सामन्याच्या दिवशी गाड्या कुठे लावणार, घरभाडं किती वाढणार, आत्ताची खेळाची मैदानं राहणार का. घराच्या किमती वाढतील म्हणून खूश असणारेही आहेतच. गल्लीत दोन्ही पाट्या दिसतात.

आपल्याकडच्या कॅन्टोन्मेंटमध्ये असंच काहीसं चाललंय ना?

जवळचं आहे. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशी सात कॅन्टोन्मेंट. तिथला नागरी भाग शेजारच्या महापालिकांत किंवा नगरपालिकांत घालायचं धोरण केंद्राने आणलं. देशात पहिलं वगळलं गेलं ते हिमाचलमधलं योल, २०२३ मध्ये. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत रस्ते, पाणी, दिवे अशा नागरी सोयींच्या मालमत्ता विनामूल्य द्यायचं म्हटलं आहे, पण जमिनीचा मूळ हक्क जिथे लागू तिथे सरकारकडेच ठेवला आहे. पुण्यातल्या कुणाला "आमचा बंगला आता कुणाच्या जमिनीवर?" असा प्रश्न पडला असेल, तर किंगमन पार्कमधल्या माणसाशी त्याचं छान जमेल.

९९ वर्षांनी काय?

कायद्यात नूतनीकरणाची सोय आहे. २१२४ च्या आसपास तेव्हाचे महापौर तेव्हाच्या अंतर्गत व्यवहार मंत्र्यांशी बोलतील. शहराला तोवर काँग्रेसमध्ये मत मिळालेलं असलं, तर हा सगळा पत्रव्यवहार बराच आखूड होईल.